हुतुतूच्या रेघेवर

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी जामखेडच्या शाळेत सातवीत होतो. बोलताना मी फार अडखळायचो. त्या वर्षी व्यायामाच्या मास्तरांनी प्रत्येकाला आपापला खेळ निवडायला सांगितला. दांडगी पोरं कुस्तीकडे धावली, बडबडी हुतुतूकडे. मी मलखांब मागितला, कारण त्यावर बोलावं लागत नाही.

"मलखांब एकट्याचा खेळ. तू आधीच घुमा, तुला चारचौघांत यायला हवं," म्हणत मास्तरांनी मला हुतुतूत घातलं.

पहिल्याच चढाईत रेघ ओलांडली आणि ‘हु’ ओठांतच अडकला. दम सुटला म्हणून मला बाद केलं. पोरं हसून लोळली. मी पळत जाऊन मलखांबावर चढलो आणि वरच्या बोंडाला मिठी मारली.

"खाली उतर! झालं काय, सांग तरी!" मास्तर ओरडले.

सांगायचं तर होतं. तोंड उघडलं, मान ताठली, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द फुटेना. शेवटी हात सुटले आणि मी घसरत खाली आलो.

"लई हट्टी हाय," एक पोरगा म्हणाला. मास्तरांनाही तसंच वाटलं. त्यांनी दंडाला धरून मला पुन्हा रेघेवर उभं केलं. वर्षभर मी तिथं पहिल्याच अक्षराला बाद होत राहिलो.