गोजरबाईच्या सहीचं पहिलं पत्र

गोजरबाई सरपंच झाली तेव्हा सगळ्या वाडीनं पेढे खाल्ले. ती मात्र फोन घेऊन ओट्यावर बसली. मेहकर तालुक्यातल्या आमच्या वाडीला स्वतःची ग्रामपंचायत मिळाली होती, आणि ते तिला आधी मुलाला सांगायचं होतं. मी पंचायतीचा शिपाई, शिवाय तिचा शेजारी. तिचं दुखणं मला तोंडपाठ.

अकरा वर्षांपूर्वी गोकुळ चाकणला कंपनीत लागला. जाताना म्हणाला, "आई, इथं आपल्या हातात काय हाये? साधा नळ पाह्यजे तरी पलीकडच्या गावाचे पाय धरा." बाईनं ते मनावर घेतलं. वाडीचा कारभार वाडीकडं आला की पोरगं परत येईल, असं तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. मग पलीकडच्या गावातल्या प्रत्येक ग्रामसभेला चालत जायचं आणि वेगळी पंचायत मागायची. लोक हसायचे. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू?

लोकसंख्या कमी पडते, एवढंच उत्तर यायचं. शेवटी तालुक्याची माणसं घरोघर मोजायला आली. बाईनं गोकुळ, सून आणि नात छकुली, तिघांची नावं सांगितली.

"कुठं आहेत?"

"वावरात गेले."

अर्धी वाडी त्या दिवशी वावरात होती! पण पंचायत मिळाली. आता नळ, दिवे, गावातला रस्ता, सगळं कायद्यानं आमच्या हातात. पहिल्याच सभेत नळाचा ठराव झाला.

आठवड्यानं गोकुळचा फोन आला. तिकडं रेशनकार्ड काढायचं होतं. गावात राहत नाही असं पंचायतीचं पत्र हवं होतं.

ग्रामसेविका संजीवनी मॅडमनी पत्र लिहून वाचून दाखवलं. 'गोकुळ, त्यांची पत्नी व मुलगी या गावात राहत नाहीत.'

"काकू, सही उद्या केली तरी चालेल," मॅडम म्हणाल्या.

"काऊन? पोराचं काम अडून राह्यलं ना."

बाईनं ठसठशीत सही केली. शिक्का हातात घेतला, पण मारला नाही. मग तो माझ्याकडं सरकवला.

"तूच मार रे. मले त्याले बलवाचं होतं."

शिक्का मी मारला.