दाभण आणि घड्याळ

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. भरलेल्या पोत्याचं तोंड तेव्हा दाभण-सुतळीनं हातानंच शिवायचे. शिवणाऱ्यांच्या टोळीत माझे दाजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. शेवगावकडचं कोरडवाहू घर. ही हंगामी जागा मीच शब्द टाकून मिळवून दिलेली, आणि तेव्हापासून ताईच्या हातातला ऊसतोडीचा कोयता सुटला होता. तो सुटलेलाच राहावा, एवढंच त्या घराला हवं होतं.

एका सकाळी पुण्याहून साहेब आले. गाळप वाढवायचं आणि माणसं कमी करायची, असं वर ठरलं होतं. एका माणसाच्या हातून तासाला किती पोती शिवून होतात ते मोजायचं, त्यावरून पुढच्या हंगामाला कितीजण बोलवायचे ते ठरणार. हे त्यांनी मला ऑफिसात नीट समजावून सांगितलं. मला समजलंही.

गोदामात साहेबांच्या हातातलं घड्याळ बघून दाजींनी मला विचारलं, "पाव्हणं, हे घड्याळ कशापायी?"

"साहेब काम बघायला आलेत," मी म्हणालो. "जरा हात दाखवा."

एवढंच बोललो. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. माझी माणसं ढिली दिसू नयेत, असंही वाटलं असेल.

साहेबासारखा पाहुणा समोर उभा असताना रेंगाळणं आमच्याकडं कमीपणाचं. त्या तासात कुणी तंबाखू मळली नाही, पाण्याला उठलं नाही. दाजींच्या बोटात दाभण घुसलं, त्यांनी बोट चोखलं आणि पुढचं पोतं ओढलं. शेजारचा म्हणाला, असा तर तू सासऱ्याच्या दारात बी राबला नसशील. सगळे हसले. मीही हसलो आणि आकडा लिहिला. दिवसभर तो वेग कुणालाच झेपणारा नव्हता. तसं लिहायला कागदावर एक ओळ पुरली असती.

पुढच्या हंगामात निम्म्या टोळीला बोलावणं गेलं नाही. दाजींनाही नाही. सरकारला जाणाऱ्या तक्त्यात उत्पादन वर गेलेलं, कामगार खाली आलेले. तो तक्ता मीच सुवाच्य अक्षरात भरला. त्याच हंगामात मी कायम झालो, आणि ताई कोयता घेऊन फडात गेली.

दाजींनी मला कधी बोल लावला नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. उलट पोरांना कौतुकानं सांगायचे, "साहेबाला घड्याळ बघायला सवड न्हाई मिळाली, असं शिवलं आमी त्या दिशी. इचारा तुमच्या मामाला."

पोरं माझ्याकडं बघायची. मी म्हणायचो, व्हय, लई जोरात शिवलं.

गेल्या वर्षी दाजी गेले, तोवर मी तेवढंच म्हणत आलो. ताईला वाचता येत नाही. हे लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं, तर मलाच जावं लागेल.