बनुबाईचे छत्तीस घाव

विजयमाला शेवगावच्या एका शाळेत मुलींना खो-खो शिकवायची. सव्विसाव्या वर्षी तिने बिनपगारी रजा घेतली आणि शारीरिक शिक्षणाच्या मास्टर डिग्रीसाठी थेट विदर्भ गाठला. तिथे एक विषय तिला फार आवडला. किनेसिऑलॉजी, म्हणजे माणसाच्या हालचालींचं शास्त्र. कुठला सांधा किती वाकतो, कुठला स्नायू आधी थकतो, सगळं मोजून पाहायचं.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. सरांनी लांब उडी सुचवली. पण बहात्तरच्या दिवाळीत ती गावी आली, तेव्हा तिची आई कडूबाई दुष्काळी कामावरून घरी आली आणि दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. दिवसभर खडी फोडून पाठ सरळच होईना.

विजयमालाने सरांना विषय बदलून मागितला. सर म्हणाले, "हे खेळात बसत नाही. पण मोजमाप चोख असेल तर बघू."

जानेवारीत ती स्टॉपवॉच आणि सांध्यांचे कोन मोजायची लाकडी पट्टी घेऊन आईच्याच खडीच्या कामावर हजर झाली. बायकांना गंमत वाटली. त्यांच्यात बनुबाईचा हात सगळ्यांत चलाख. एक पाय लांब सोडून बसायची, आणि हातोडा नुसता उचलून सोडून द्यायची; बाकीचं काम त्याचं वजनच करायचं. विजयमालाने सकाळी दहा मिनिटं मोजलं. मिनिटाला छत्तीस घाव. ती इतकी खूश झाली, की मुकादम पुंजाराम वही बघायला आला तेव्हा तिने त्याला सगळं समजावून सांगितलं, आकड्यांसकट.

"झकास," तो म्हणाला, आणि त्याने तो आकडा आपल्या कागदावर उतरवून घेतला.

आठवडाभरात हुकूम आला. प्रत्येकीने दिवसाला मापाच्या तीन पेट्या खडी भरायची, तिथे आता चार. एकीला जमतं तर बाकीच्यांना का नाही, असं पुंजारामचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी विजयमाला गेली तर कोणी वर बघेना. बनुबाईने हातोडा बाजूला ठेवला.

"बाई, तुमी म्हनलात शिकायसाठी मोजते. मी हात दाखवला. आता माझ्या हातामुळं या समद्यांचं मरान झालं."

"मावशी, मला ठाऊक नव्हतं हो."

"शिकलेल्या मानसाला ठाऊक न्हाई, मग कुनाला आसंल?"

त्याच दुपारी, चौथी पेटी भरायच्या घाईत, बनुबाईशेजारी बसणाऱ्या चांगुणाच्या डाव्या हातावर हातोडा बसला. दोन बोटं चेचली.

विजयमाला तडक कामावरच्या इंजिनिअर साहेबाच्या तंबूत गेली. साहेबाने शांतपणे विचारलं, "आकडे तुमचेच ना?"

"माझेच. पण ते सकाळच्या दहा मिनिटांचे आहेत. दिवसभर तसा हात चालत नाही."

"मग दिवसभराचे आणा."

आता तिच्यासमोर कोण बसणार? ती एकेकीला विचारत फिरली. सगळ्यांनी मान फिरवली. शेवटी कडूबाईच म्हणाली, "माझं मोज."

दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत लेक आईसमोर बसून राहिली. सकाळी मिनिटाला अठ्ठावीस घाव. जेवणानंतर एकोणीस. ऊन कलल्यावर अकरा. दर थोड्या वेळाने कडूबाई बरगडीवर हात दाबून थांबायची, लेक बघतेय म्हटल्यावर पुन्हा हातोडा उचलायची. "आई, थांब आता," असं विजयमालाच्या दहादा ओठांवर आलं. पण ती घाव मोजत राहिली. दिवस पुरा झाला नसता तर कागदाला किंमत नव्हती, आणि हे कळत असल्याचीच तिला लाज वाटत होती.

साहेबाने कागद ठेवून घेतला. तीन आठवड्यांनी जुनं माप पुन्हा लागू झालं. कागदामुळे झालं की वरून काही आलं, कोणी सांगितलं नाही. चांगुणाची बोटं तोवर वाकडीच जुळली होती.

प्रबंधात मोजलेल्या बाया दोनच. परीक्षकांनी तो परत पाठवला. विजयमालाने आणखी एक वर्ष घातलं, निमूट लांब उडीवर लिहिलं, आणि चौऱ्याहत्तरला डिग्री मिळवली. कडूबाईला डिग्रीचा कागद दाखवला तेव्हा ती म्हणाली, "ह्यात माझं हाय का काई?"

"न्हाई आई."

"बरं झालं," कडूबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

विजयमाला शाळेत परत रुजू झाली. त्या वर्षी चांगुणाची थोरली लेक खो-खोच्या संघात आली. चांगुणा स्वतः कधी मैदानाकडे फिरकली नाही, रस्त्यात भेटली तरी बोलायची नाही. पण पोरीला सरावाला पाठवण्यात मात्र तिने एकही दिवस खाडा केला नाही.