अर्लीनने छापून घेतलेले पंखे

आमच्या चर्चमध्ये पाद्रीबाबांचं ऐकलं नाही तरी चालतं, अर्लीनचं ऐकावंच लागतं. दाराशी उभं राहून लोकांना जागेवर बसवायचं आणि हातात कागदी पंखा द्यायचा, हे तिचं काम. पांढरा हातमोजा घालून तिने नुसतं बोट दाखवलं, की आमच्यासारखे म्हातारेही मुकाट सरकून बसतात. तीन नवरे तिने याच बोटावर नाचवले, असं मी नाही म्हणत, गाव म्हणतं.

त्या नोव्हेंबरात पेट्रोल पंपावर मारामारी झाली आणि कॉलेजच्या फुटबॉल संघातली दोन पोरं पकडली गेली. आमच्या काळ्या वस्तीतला टेरॉन आणि गोऱ्या वस्तीतला कोल्बी. आरोप दोघांवर एकच. पण पेपरात कोल्बी सुटाबुटात आजीशेजारी हसत उभा, खाली ‘उमद्या खेळाडूचा पाय घसरला’. टेरॉनचा फोटो पोलिसांनी काढलेला, डोळा सुजलेला, वर ‘मैदानाबाहेरचा गुंड’. शनिवारच्या सामन्यात टेरॉनच्या नावाने घसा फोडणारेच रेडिओवर फोन करून त्याला संघातून हाकला म्हणू लागले. कोल्बीच्या भवितव्याच्या काळजीने मात्र त्यांना जेवण जाईना.

टेरॉनची आई वनेटा आमच्या गायकांत पहिल्या रांगेतली. तिने चर्चच सोडलं. दुकानात लोक टक लावून बघतात, आता देवाच्या दारातही बघतील, म्हणाली.

अर्लीन मला घेऊन तडक होझियाकडे गेली. होझिया आमची मयतं उरकतो आणि चर्चचे पंखेही छापून देतो, पाठीवर स्वतःची जाहिरात टाकून. तिने टेरॉनचा गायकांच्या झग्यातला फोटो पुढे ठेवला.

“सगळ्या पंख्यांवर हा छाप, आणि पाठ कोरी ठेव,” ती म्हणाली. “पोराच्या पाठीला तुझी शवपेटी नको. नाहीतर मी मेल्यावर पलीकडच्या गावचा माणूस बोलावतील, बघ.”

अर्लीनच्या मापाची पेटी म्हणजे मोठं गिऱ्हाईक. होझिया वरमला.

टेरॉननेच मारलं असेल तर, असं मी हळूच विचारलं.

“तर भोगेल, ब्रदर. दोघंही भोगतील. पण झग्यातलाही तोच आहे ना?”

रविवारी ती वनेटाला घरून हाताला धरून घेऊन आली. बाहेर गवतावर दव गोठलेलं, आणि आत आम्ही सगळे कोट घालून वारा घेतोय. वनेटा मागच्या बाकाकडे वळली, तर अर्लीनचं बोट समोर गायकांच्या पहिल्या रांगेकडे.

वनेटा तिथे जाऊन उभी राहिली. सगळीकडे आपलाच मुलगा हलताना बराच वेळ बघत राहिली. मग शेजारणीचा हात धरून म्हणाली, “सावकाश हलव गं. तोंड दिसू दे त्याचं.”

आम्ही सगळेच सावकाश हलवू लागलो.