टीव्हीमागचं बटण

माझी आई बसवनगुडीच्या घरात एकटी राहायची. न्हाणीघरात पाय घसरून पडली, उजवं मनगट मोडलं आणि मग बरीच मनधरणी केल्यावर जे. पी. नगरला आमच्या फ्लॅटवर यायला तयार झाली. तीही "जमतंय का बघू" एवढ्याच बोलीवर. तिचे भाऊ तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणतो. निघताना तिनं घरभर फिरून सगळी बटणं बंद केली, पण दारावरचा मेन स्विच चालूच ठेवला. मी ते पाहिलं.

बाबा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनच्या देखभालीचं काम बघत. त्यांचा घरातला नियमही कारखान्यातलाच होता. थोडा वेळ जाणार असाल तर बटणं बंद करा, मुक्कामच हलवणार असाल तर मेन. जेवणं झाली, कुठं बाहेर निघालो, की ते एक फेरी मारायचे आणि भिंतीवरचं एकेक बटण खाली करायचे. ते गेल्यावर ही फेरी अक्काकडं आली. मेन चालू, याचा अर्थ ती परत जाणार होती. आणि तिनं एकटीनं त्या ओल्या फरशीवर पुन्हा वावरावं हे मला नको होतं.

तिला रमवायचं तर तिच्याशी बोलायला हवं होतं. मला ते फारसं जमत नाही. म्हणून मी यंत्र बांधायला घेतलं.

काड्यापेटीपेक्षा जरा मोठा एक संगणक, त्यात बोटाच्या नखाएवढं कार्ड, कार्डावर लिनक्स, आणि शेजारी एक हार्डडिस्क. घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट मी उतरवून घेतल्या होत्या. मुंजी, लग्नं, आणि बाबांच्या कारखान्यातली दसऱ्यातली आयुधपूजा. हे सगळं टीव्हीवर एका रिमोटनं लागावं एवढाच बेत होता. बायको पुण्याची. ती म्हणाली, "अरे, रेडिमेड काहीतरी आणून लाव ना. कशाला उगाच प्रोजेक्ट?" पण रेडिमेड आणलं असतं तर मी शनिवार-रविवार काय केलं असतं?

आधी चित्र आलं, आवाज नाही. टीव्हीऐवजी तो हेडफोनच्या भोकातून बाहेर पडत होता आणि तिथं ऐकायला कुणी नव्हतं. मग आवाज आला तर डिस्क दिसेना. सगळं मार्गी लागल्यावर अक्काला बोलावलं. तिनं आयुधपूजा लावायला सांगितली. पडद्यावर बाबा नवा शर्ट घालून अवघडून उभे होते. अक्का त्यांच्याकडं बघतच नव्हती. "मागच्या त्या मशीनला हार घालायचा राहिलाय बघ," एवढंच म्हणाली. मग रोज सकाळचं काम आटपलं की ती टीव्हीपुढं बसू लागली.

आठवड्याभरात यंत्र आजारी पडलं. संध्याकाळी ऑफिसातून यावं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींची रांग. कार्डावरच्या फाइली मोडलेल्या. दुरुस्त करावं, चार दिवस चालावं, पुन्हा तेच. एस. पी. रोडवरून नवं कार्ड आणलं, मग चांगल्यातला अडॅप्टर आणला. दुकानदारानं कन्नडमध्ये मला धीर दिला, पण फरक पडला नाही. शेवटी यंत्रानं स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी उघडल्या. रोज दुपारी जेवणाच्या सुमाराला त्या तुटत होत्या. बंद होतोय असा निरोपही न देता, मध्येच.

"अक्का, दुपारी करंट जातो का?"

"इथं कुठला जातोय? जनरेटर आहे की."

एका दुपारी मी घरून काम करत होतो. जेवण झालं, अक्कानं ताटं उचलली आणि खटखट करत घरभर फिरली. टीव्हीमागं हात घालून तिथलंही बटण तिनं खाली केलं.

मी चिडलो. इतके दिवस माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. तिला सांगितलं, हे असं एकदम बंद करायचं नसतं, आतलं सगळं बिघडतं, ह्याला हात लावायचा नाही. आणि त्या बटणावर खाकी चिकटपट्टी मारली. ती "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर यंत्र ठणठणीत झालं. न बिघडता दिवसचे दिवस चाललं. मी खूश होतो. खोलीत कुणी नसताना पंखे फिरू लागले, गीझर तासन्‌तास चालू राहू लागला, हे माझ्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. ती म्हणाली, "अरे, त्या आता मला विचारतात, लाइट बंद करू का म्हणून. गेस्ट असल्यासारख्या. मला ऑकवर्ड होतं."

त्याच सुमाराला अक्का म्हणाली, "येत्या रविवारी मला बसवनगुडीला ने."

तेव्हा कुठं मला उमगलं. हे घर आपलं आहे, असं तिनं मला रोज बटणं खाली करून सांगितलं होतं आणि त्यावर मी चिकटपट्टी मारली होती.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. कार्डावर काही लिहायचंच नाही, सगळं तात्पुरतं मेमरीत ठेवायचं, अशी मांडणी केली. डिस्कही फक्त वाचण्यापुरती जोडली. आता वीज कधीही तोडली तरी मोडायला काही उरलं नाही. नोंदीही उरत नव्हत्या, त्यामुळं यंत्र कधी बंद होतं ते मला कळणार नव्हतं. कळून करायचंही काही नव्हतं. चिकटपट्टी काढली. बटणाला डिंकाचा राप राहिला.

"अक्का, आता खुशाल बंद कर."

"बिघडणार नाही?"

"नाही."

"मग आधीच असं करायचं की रे," ती म्हणाली.

दुपारी मी कान देऊन बसलो होतो. पंख्याचं, दिव्याचं, टीव्हीमागचं. खटखट सगळीकडं ऐकू आली. पण रविवारी सकाळी ती साडी नेसून तयारच होती. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. गाडीत ठेवायला तिची पिशवी उचलली, तर ती रिकामी होती.

बसवनगुडीला तिनं फ्रिजमधलं होतं नव्हतं ते शेजारणीला दिलं. फ्रिज पुसला आणि दार उघडं राहावं म्हणून मध्ये फडकं अडकवलं. लोणच्याच्या बरण्या आणि बाबांचा टेस्टर पिशवीत घातला. मग बटणांची फेरी मारली आणि बाहेरच्या दाराशी येऊन वर बघितलं. मी मेनकडं हात नेला.

"स्वल्प थांब," ती म्हणाली. "मी करते."

आणि टाचा उंचावून डाव्या हातानं तिनं मेन खाली ओढला.