कावळ्याला दिलेला शब्द

बाई खोलीत आल्या की आधी खुर्ची उचलायच्या. टेबलामागची खुर्ची आमच्या बाजूला आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मध्ये टेबल असलं की मी साहेब वाटते." समोरचा गप्प राहिला तर म्हणायच्या, "घाई नाही. मी बसलेय." आणि खरंच बसायच्या. घड्याळाकडे न बघता बसलेलं माणूस तुम्ही कधी बघितलंय? मी तोवर बघितलं नव्हतं.

शाळेत त्यांना समुपदेशक म्हणत. मी चौथी शिकलेला, तो शब्द माझ्या जिभेवर बसत नाही. मी बाईच म्हणायचो. महाडच्या मुसलमान घरातल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं पोलादपूरला आमच्या हायस्कुलात यायच्या. पोरांच्या मनातलं ऐकायचं, हे त्यांचं काम. "हे कसलं काम?" असं मी तोंडावर विचारलं, तर हसल्या. म्हणाल्या, "माझा नवराही हेच विचारतो."

माझी बायको गेली त्या वर्षी नात दहावीला होती. आई-बाप मुंबईला, पोर आमच्याकडे वाढलेली, आजीच्या कुशीत झोपणारी. आजी गेली आणि पोरीचं जेवण सुटलं. पुस्तक उघडलं की तेच पान धरून बसायची. चाचणीला कोरा पेपर देऊन आली, मग शाळेतच जाईना. मी ओरडलो. शेजारचे म्हणाले, आजी लागलीय, भगताकडे न्या. नेली. लिंबू झाला, नारळ झाला, पोर आणखी वाळली. शेवटी वर्गाच्या सरांनी बाईंकडे पाठवलं.

"बाई, हिला जरा सांगा, अभ्यास कर म्हणून."

"तुम्ही सांगितलं असेलच की."

"रोज सांगतो."

"मग मी आणखी कशाला सांगू?"

तीन मंगळवार पोर आत, मी बाहेर पायरीवर. चौथ्या मंगळवारी मला आत बोलावलं. आधी पोरीला विचारलं, "यांना विचारू ना?" तिनं मान हलवली, तेव्हा माझ्याकडे वळल्या.

"आजोबा, दहाव्याला कावळ्याचं काय झालं? आमच्यात हे नसतं. मला पहिल्यापासून समजवा."

मी समजवायला लागलो. नदीकाठी पिंड ठेवतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली म्हणतात. मग घरातल्यांनी बोलायचं, तुझं अमुक आम्ही करू, तू जा. त्या दिवशी कावळा फांदीवर बसून राहिला. मुलगा बोलला, सून बोलली, कावळा हलेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी हात जोडून ओरडलो, "नातीला दहावीत पहिली आणतो गो, जा तू!" आणि कावळा उतरला.

"पहिलं यायचं कोणी?" बाईंनी विचारलं.

"हिनं."

"हिला विचारलंत?"

मी पोरीकडे बघितलं.

"आणि नाही आली तर?"

तेव्हा पोर बोलली. "तर आजी अडकंल ना, आबा."

एवढीशी पोर महिनोन् महिने हे एकटी वाहत होती, आणि मी तिला लिंबू ओवाळत होतो. बाईंनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "घाई नाही. मी बसलेय." चितेपाशी मी रडलो नव्हतो. त्या खुर्चीवर रडलो.

मग म्हटलं, "बाई, कावळ्याचं सगळं खोटं हाय, असं सांगून टाका हिला."

"मी कोण सांगणार? शब्द तुम्ही दिलात. सोडवायचा कसा ते तुम्हीच बघा."

"मग काय, मीच बसू दहावीला?"

पोर खुदकन हसली. "आबा, तुम्ही गणितात उडाल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सावित्री नदीच्या काठी गेलो. पानावर भात ठेवला. मी मोठ्यानं बोललो, "ऐक गो. त्या दिवशी बोललो ते मी बोललो, पोर नाय. तो शब्द मी परत घेतो. ती जमेल तशी शिकंल. राग धरायचा तर माझ्यावर धर."

कावळा फांदीवर बसून राहिला. काहीतरी नवीन कबूल करावं म्हणून तोंड उघडलं, तर पोरीनं हात धरला.

"घाई नाय, आबा. बसू."

बसलो. कावळा उतरला नाही. मग पोरच उठली. "चला घरी. भूक लागलीय मला." निघालो. मागे वळून ना तिनं बघितलं, ना मी. घरी तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. माझ्या हातच्या, कडेनं करपलेल्या!

पोर पास झाली. पहिली नाही, पहिल्या दहांतही नाही. मी अख्ख्या वाडीत पेढे वाटले. "कितवी आली?" कोणी विचारलं की छाती काढून सांगायचो, "पास आली!"

शाळा उघडल्यावर तिचा दाखला घ्यायला गेलो, बाईंसाठी पेढ्यांचा पुडा घेऊन. कळलं, बाईंना दुसरीकडच्या शाळेत पाठवलंय. खोली उघडीच होती. खुर्ची परत टेबलामागे गेलेली. मी ती उचलली आणि अलीकडे आणून ठेवली.

शिपाई दारात आला. "आबा, काय करताय?"

"खुर्चीची जागा ही हाय," मी म्हटलं. "पुन्हा हलवायची नाय." आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला.