दहा मिनिटं चाललेला प्लांट

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकाचा, संतोषचा, फोन आला. मी वॉर्डात सलाईन बदलत होते. "सिस्टर, भाऊ गेले," एवढंच तो म्हणाला. मागून हॉर्नचा गोंगाट येत होता. मी विचारलं, कुठे आहात? "अजून कामशेतबी आलं न्हाई. सगळा हायवे गाड्यांनी भरलाय. सायरन वाजवून वाजवून दमलो, कोण हलंना…" सुट्टी साजरी करून पुण्याला परतणाऱ्या गाड्यांच्या मधोमध, रुग्णवाहिकेतला छोटा सिलिंडर संपला आणि किसनभाऊ गेले. बरोबर त्यांची बायको, सुमनवहिनी, होत्या. त्या काय करत होत्या हे मी संतोषला विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

याला आता सहा आठवडे झाले. भेटतील ते म्हणतात, "त्यांची वेळ आली होती." पहिले काही दिवस मी ऐकून घेतलं. आता नाही घेत. वेळबिळ काही आली नव्हती, सिलिंडर संपला होता. आणि ज्या खाटेवरून आम्ही त्यांना उचलून रुग्णवाहिकेत घातलं, त्या खाटेपासून वीस पावलांवर, भिंतीच्या पलीकडे, हवेतून ऑक्सिजन काढणारा अख्खा प्लांट उभा आहे. नवा कोरा. त्याला वीज नाही. मावळातल्या या सरकारी दवाखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तेवढ्या एका दवाखान्याची चौकशी लागते, दोघांची बदली होते आणि बाकी सगळे सुटतात.

किसनभाऊ मळवलीजवळच्या एका वाडीतले. वीज कंपनीत वायरमन होते, आणि घरची थोडी भातशेती. आमच्या भागात त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. विजेच्या तारेवर कोणी आकडा टाकला, म्हणजे चोरून वीज घेतली, की भाऊ तो काढणार म्हणजे काढणार. मग तो सरपंचाचा असो, नाहीतर कुठल्या बंगल्याच्या माळ्याचा. सख्ख्या मेव्हण्याच्या हळदीला मांडवात दिव्यांच्या माळा लखलखत होत्या. भाऊंनी वर पाहिलं, हातातलं ताट खाली ठेवलं, खांबावर चढले आणि आकडा काढून खाली उतरले. सगळ्या मांडवात अंधार! मेव्हण्याने वर्षभर तोंड पाहिलं नाही. वहिनी हे सांगताना हसायच्या, "आमच्या ह्यांच्यामुळं माज्या म्हायेरी मला कोण पानी इचारंना." भाऊ मात्र गंभीरपणे म्हणायचे, "आकड्यानं डीपी जळतो, मेव्हणा-बिव्हणा काय बघत न्हाई तो." डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर. तो भाऊंना घरच्या बैलासारखा होता.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. ते माझ्या वॉर्डात बारा दिवस होते. चाकणहून सिलिंडरचा टेम्पो यायचा, कधी यायचा नाही, आणि आम्ही नर्सेस गेटपाशी उभ्या राहून रस्त्याकडे बघायचो. त्या दिवसांबद्दल फार लिहिलं गेलंय, मी लिहीत नाही. भाऊ वाचले. फुप्फुसं मात्र निम्मी राहिली. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि आपण काहीतरी बघायला थांबलोय असं दाखवायचे. वॉर्डातल्या त्या बारा दिवसांत, आठव्या दिवशी, तोंडावर मास्क असतानाच त्यांनी मला खुणेने बोलावलं. मला वाटलं, त्रास होतोय. तर म्हणाले, "सिस्टर, ह्या पंख्याचा कपॅसिटर गेलाय. उठलो की बदलतो." आणि घरी सोडायच्या दिवशी खरंच बदलला. मी रागावले तर म्हणाले, "तुमी माजं मशीन चालू ठिवलं, मी तुमचं ठिवतो."

त्यानंतर काही महिन्यांनी प्लांट आला. प्लांट दिल्लीचा, म्हणजे केंद्राने पाठवलेला. त्याला बसवायला चौथरा आणि वर शेड बांधायची ती इथल्या स्थानिक संस्थेने. वीज द्यायची राज्याच्या कंपनीने. चालवायला माणूस द्यायचा आरोग्य खात्याने. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा तर चार घरचा. चौथरा झाला तेव्हा यंत्र आलं नव्हतं. यंत्र आलं तेव्हा शेड अर्धी होती, म्हणून ते तीन आठवडे ताडपत्रीखाली राहिलं. शेड पूर्ण झाली तेव्हा लक्षात आलं की एवढ्या मोठ्या यंत्राला वेगळा डीपी लागतो, आणि तो कोणी मागवायचा हे एकाही कागदावर लिहिलेलं नाही. बैठका झाल्या. मी दोन बैठकांना चहा सांगायला हजर होते. प्रत्येक जण दुसऱ्याचं कौतुक करत होता आणि काम दुसऱ्याच्या ताटात सरकवत होता. "केंद्राचं उत्तम सहकार्य लाभलं", "स्थानिक पातळीवर छान समन्वय आहे"… असला समन्वय मी जन्मात पाहिला नाही. भांडले असते तरी काहीतरी झालं असतं.

मग लोकार्पणाची तारीख आली. दिल्लीहून पडद्यावरून एकाच वेळी अनेक ठिकाणचे प्लांट सुरू व्हायचे होते आणि आमचा त्या यादीत होता. यादीतून नाव काढा असं वर कळवायची हिंमत एकाही साहेबाची झाली नाही. फलकावर कोणाचा फोटो मोठा, यावर मात्र दोन दिवस जोरदार खल झाला. आदल्या दिवशी एक साहेब किसनभाऊंना घेऊन आले. भाऊंची निवृत्ती जवळ आली होती. साहेब गोड आवाजात म्हणाले, "भाऊ, उद्यापुरतं चालवून द्या. डीपी मंजूर आहे, आठ दिवसांत येतोय." भाऊंनी शेड बघितली, दवाखान्याचं पॅनेल बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, हे म्हंजे आकडाच की. दवाखान्याचा सगळा लोड बंद केला तर धा मिन्टं चालंल. पन हे काय खरं न्हाई. काय करू?"

मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, "द्या भाऊ. एकदा सुरू झालं की बंद कोण करणार?"

सिलिंडरच्या टेम्पोची वाट पाहून आमचा जीव विटला होता. प्लांट एकदा घुरघुरला की सगळ्यांना लाज वाटेल आणि पुढचं आपोआप होईल, असं मला वाटलं. इतकी वर्षं सरकारी नोकरी करून मला एवढी साधी गोष्ट कळली नव्हती, की आपल्याकडे काम अर्धवट दिसतं तोवरच त्याच्यामागे कोणीतरी असतं. एकदा का ते झालेलं दिसलं, की संपलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी वॉर्डचे पंखे, एक्स-रे, लॅबचा फ्रीज, सगळं बंद केलं आणि जाड केबल ओढून प्लांटला वीज दिली. पडद्यावर टाळ्या वाजल्या, इथे नारळ फुटला, यंत्र धडधडू लागलं. वॉर्डात पेशंटचे नातेवाईक पुठ्ठ्याने वारा घालत होते. दहा मिनिटांनी पाहुणे पेढे घेऊन निघाले, भाऊंनी केबल गुंडाळली आणि पंखे फिरू लागले. त्या गडबडीत क्लार्कने माझ्यापुढे एक कागद धरला. 'प्लांट पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाला असून रुग्णालयाने तो ताब्यात घेतला आहे.' खाली वॉर्ड इन्चार्जच्या, म्हणजे माझ्या, सहीची जागा रिकामी होती. डॉक्टर मंचावर होते. मी उभ्या उभ्या, तोंडात पेढा असताना सही केली.

आठ दिवसांत डीपी आला नाही. आठ महिन्यांत आला नाही. भाऊ निवृत्त झाले आणि त्यांनी प्लांटचा पिच्छा धरला. महिन्यातून दोनदा लोणावळ्याच्या कचेऱ्यांत जायचे, पिशवीत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये अर्ज. वीज कचेरी म्हणाली, मागणी दवाखान्याकडून यायला हवी. दवाखाना म्हणाला, यंत्र आमच्या मालकीचं नाही. ज्यांनी यंत्र बसवलं त्यांचा करार संपला होता. स्थानिक संस्था म्हणाली, आमची फक्त शेड, गळत असेल तर सांगा. शेवटी भाऊंच्या पुतण्याने दिल्लीच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. महिन्याने उत्तर आलं. 'सदर प्लांट कार्यान्वित असल्याची नोंद आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' सोबत पुरावा म्हणून एक फोटो जोडला होता. फोटोत प्लांटच्या पॅनेलपाशी वाकून कळ दाबणारे स्वतः किसनभाऊ होते!

तो कागद त्यांनी मला आणून दाखवला. हसत होते. पण धाप लागल्यामुळे ते हसणं आहे की खोकला हे कळेना. म्हणाले, "जल्मभर लोकांचं आकडे काढलं, सिस्टर. अन्‌ एक टाकला, तर त्यो सरकारला लय आवडला."

मग त्यांनी लेखी दिलं की मीच तात्पुरती वीज जोडली होती, नियम मोडून, माझ्यावर काय ती कारवाई करा पण डीपी द्या. मला कोणी विचारलं की या सगळ्या गोष्टीतला शूर माणूस कोण, तर मी त्या अर्जाकडे बोट दाखवीन. निवृत्त वायरमन, निम्म्या फुप्फुसाचा, स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन कचेरीच्या बाकावर बसलाय. त्यावर साहेब काय म्हणाले? "भाऊ, तुमच्या म्हणण्याला काय अर्थ आहे? इन्चार्जची सही आहे. त्यांनी सांगितलं की चालला नव्हता, तर मग बघू."

म्हणजे सगळं माझ्यावर येऊन ठेपलं. हे भाऊंनी मला सांगितलं, पण माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत. वहिनी मात्र चिडून म्हणाल्या, "मंग सिस्टरनी द्यावं की लिहून!" तर भाऊ त्यांच्यावरच ओरडले, "त्यांची नोकरी हाय अजून. खोटा दाखला दिला म्हून घरी बसवतील त्यास्नी. तू गप ऱ्हा." त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. आणि मी… मीही गप्प राहिले. निवृत्तीला फार वर्षं नाहीत, घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, उगाच कशाला, असं रोज स्वतःला सांगत राहिले. साहेबांना शिव्या घालणं सोपं आहे, आणि मी त्या भरपूर घालते. पण त्या साखळीतली एक कडी पांढऱ्या साडीत वॉर्डात फिरत होती, हेही लिहायलाच हवं.

त्या रविवारी त्यांना सकाळी आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. आमच्याकडे दोन मोठे सिलिंडर. एकावर एक बाळंतीण, दुसरा पाव भरलेला. छोटी यंत्रं होती, पण त्यांना लागत होता तेवढा ऑक्सिजन ती देऊ शकत नव्हती. टेम्पो सोमवारी येणार होता. पुण्याला हलवा, असं ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी लिहिलं, आणि त्या मुलाचा काही दोष नाही, दुसरं काय लिहिणार? रुग्णवाहिकेत चढवताना भाऊंनी माझा हात धरला आणि मास्कमधून काहीतरी म्हणाले. मी कान जवळ नेला. "बाळंतिनीचा काढू नका," असं म्हणत होते. मी तसा विचार करत होते, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

त्यांच्या दहाव्यानंतर दोन दिवसांनी ऑफिसात निरोप आला की वरून पाहणीला पथक येतंय, प्लांटच्या शेडला आणि पॅनेलला रंग काढून घ्या. चावी शोधून मी रंगाऱ्यांबरोबर गेले. इतकी वर्षं बंद असलेली शेड, जाळी-जळमटं असतील म्हणून झाडू घेऊन गेले होते. आत एक जाळं नव्हतं. उंदीर शिरू नयेत म्हणून केबलच्या भोकात चिंध्या ठासलेल्या होत्या. यंत्रावर जुनी नऊवारी पांघरलेली होती, वहिनींची. शिपाई म्हणाला, "भाऊ यायचे की. माझ्याकडनं चावी न्यायचे, पुसून-बिसून जायचे. तुम्हाला सांगू नको म्हणायचे."

मी पॅनेलचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने, वायरमन लोक लिहितात तशा ठळक अक्षरांत, खालोखाल लिहिलं होतं. डीपी आल्यावर आधी काय तपासायचं, कुठली कळ पहिली, कुठली नंतर, कंप्रेसरचं तेल किती, आवाज कसा आला तर लगेच बंद करायचं. आपण त्या वेळी नसू, हे धरून लिहिलेलं. आणि सर्वांत खाली, 'चालू झाला की वॉर्डात जाऊन सिस्टरला सांगा. त्यांना लय काळजी हाय.'

रंगारी ब्रश बुडवून मागे उभा होता. म्हणाला, "मॅडम, हे आतलंबी पुसायचं का?" मी त्याला बाहेर काढलं, शेडला कुलूप लावलं आणि तशीच ऑफिसात गेले. क्लार्ककडे कोरा कागद मागितला. त्याने विचारलं, "रजेचा अर्ज आहे का, सिस्टर?"

म्हटलं, "नाही. सही मागे घ्यायची आहे."